चेहरा हरवणारा नट : ॲलेक गिनेस

ॲलेक गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती, आणि आपले वडील कोण हे त्यांना अखेरपर्यंत खात्रीने कळले नाही. तरुणपणी जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याचे काम सोडून ते नाटकाकडे वळले. नामवंत नट जॉन गिलगुड यांनी त्यांना हात दिला आणि १९३८ साली ‘ओल्ड विक’च्या रंगमंचावर ते आधुनिक पोशाखातला हॅम्लेट म्हणून उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात गेले. १९४३ च्या सिसिलीवरील स्वारीत सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका नौकेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

युद्धानंतर दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी त्यांना पडद्यावर आणले. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या म्हाताऱ्या फॅगिनसाठी मात्र तिशीतला हा नट लीन यांना पसंत नव्हता. गिनेस पूर्ण रंगभूषा करूनच चाचणीला आले आणि भूमिका मिळवून गेले. त्या रंगभूषेतले लांब नाक ज्यू समाजाची कुचेष्टा करणारे आहे, असा आक्षेप निघाला. तो रास्त होता. अमेरिकेत चित्रपट त्यामुळे १९५१ पर्यंत अडकून पडला.

ईलिंग स्टुडिओच्या ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’मध्ये (१९४९) त्यांनी एकाच खानदानातल्या आठ व्यक्ती रंगवल्या, त्यांत एक बाईही होती. चर्चमधल्या एका दृश्यात त्यांपैकी सहा जण एकत्र दिसतात. त्यासाठी कॅमेरा एका जागी घट्ट बसवून, भिंगाचा काही भाग झाकून, तीच फिल्म पुन्हा पुन्हा वापरली गेली. कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून छायाचित्रकार डग्लस स्लोकोम रात्री त्याच्याजवळच झोपले. पण त्या सहा जणांना वेगळेपण आले ते या करामतीमुळे नव्हे. प्रत्येकाची मान, खांदे, बोलण्याची लय गिनेस यांनी निराळी ठेवली होती.

पात्र त्यांना बहुधा चालीतून सापडे. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये (१९५७) तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर आलेला युद्धकैदी कर्नल निकल्सन ताठ राहण्याची शिकस्त करत अडखळत चालतो. पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या लहान मुलाची पावले गिनेस यांनी तिथे आठवली होती. घरातले दुःख कसलाही गाजावाजा न करता त्यांनी कामी आणले. त्यांच्या अभिनयाची उंची कळते ती इथे. या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले. १९५९ साली ते ‘सर’ झाले.

लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये (१९८४) ते प्राध्यापक गोडबोले झाले. चित्रपट ज्या कादंबरीवरून झाला, त्या इंग्रज लेखक फॉर्स्टर यांच्या कादंबरीत गोडबोले दख्खनी ब्राह्मण आहेत. मराठ्यांच्या देवास थोरली पाती संस्थानात फॉर्स्टर यांनी १९२१ साली महाराजांचे खासगी सचिव म्हणून काम केले होते आणि तिथली गोकुळाष्टमी कादंबरीत उतरली आहे. चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफ्री, रोशन सेठ असे भारतीय नट असताना गोडबोल्यांसाठी इंग्रज नटाला रंग फासणे तेव्हाही खटकले. मराठी प्रेक्षकाला तर ते अधिकच परके वाटते. इतरांच्या अंगात शिरण्याची गिनेस यांची विद्या इथे थिटी पडली.

त्याआधी ‘स्टार वॉर्स’मधल्या (१९७७) ओबी-वॅन केनोबीने त्यांना पैसा आणि नवी पिढी दिली, पण तेवढ्यावरूनच ओळखले जाणे त्यांना जाचत असे. त्यांची कला पूर्ण पिकलेली दिसते ती बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मध्ये (१९७९). गुप्तहेर जॉर्ज स्मायली उभा करण्यासाठी ते ब्रिटिश हेरखात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांना जेवणावर भेटले आणि त्यांच्या बारीकसारीक लकबी टिपून घेतल्या. चष्मा पुसणारा, ऐकत राहणारा हा माणूस जवळजवळ काहीच करत नाही, तरी नजर त्याच्यावरून हलत नाही.

१९८२ मध्ये ‘स्मायलीज पीपल’मधून स्मायली परतला. १९८५ मध्ये गिनेस यांचे आत्मचरित्र आले. ५ ऑगस्ट २००० रोजी वेस्ट ससेक्समधल्या मिडहर्स्ट येथे त्यांचे निधन झाले.