पानचिंचोलीची चिंच, पेल्यात
लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या (ता. निलंगा) चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घरच्या कॉकटेलमध्ये लिंबाऐवजी ती जरूर वापरून पाहा. लिंबाचा आंबटपणा लगेच सरतो, चिंचेचा जिभेवर रेंगाळतो.

चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कोळ बारीक गाळणीतून गाळा. ६० मिली व्हाइट रम, ३० मिली कोळ, २० मिली गुळाचा पाक आणि चिमूटभर काळं मीठ झाकणाच्या बरणीत बर्फासोबत जोरात हलवा. सोडा मात्र पेल्यातच ओता. बरणीत घातला तर झाकण उडेल. वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड. लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात रम वगळूनही हे सरबत झकास लागतं.

महाराष्ट्रात रमसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत, शिवाय मद्यसेवनाचा परवानाही लागतो.