विश्लेषण : घरच्या वर्कशॉपसाठी जुना लेथ घेताना काय तपासावे?

जालना म्हटले की पोलाद आणि सळ्यांच्या रोलिंग मिल आठवतात. पण अंबड, घनसावंगी, भोकरदनकडच्या गावांत मोटारीचा बुश किंवा ट्रॅक्टरची पिन कातून घ्यायची तर अनेकदा तालुक्याला, नाहीतर थेट जालन्याला खेप मारावी लागते. मोसंबीला पाणी देण्याच्या दिवसांत ही एक खेपही महागात पडते. त्यामुळे आयटीआयमधून टर्नर ट्रेड केलेल्या तरुणाला घरच्या शेडमध्ये लेथ बसवावासा वाटणे साहजिक आहे. नवे मशीन परवडत नाही, म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो. अशा वेळी रंग नवा आणि बेड झिजलेला, असे मशीन गळ्यात पडले तर साठवलेली पुंजी अडकून बसते.

किती फुटी मशीन घ्यावे?

बाजारात लेथ बेडच्या लांबीवरून ओळखला जातो : साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. पण तेवढ्या लांबीचा जॉब त्यावर बसत नाही. साडेचार फुटी लेथवर दोन सेंटरच्या मध्ये साधारण सव्वादोन फुटांचेच काम होते. त्यामुळे आधी कामे ठरवावीत. बुश, पिन, पुली एवढेच करायचे असेल तर हे मशीन पुरते. पंपाचे लांब शाफ्ट कातायचे असतील तर सहा फुटीचा विचार करावा. स्पिंडलचे भोकही मोजावे. ते मोठे असेल तर लांब बार मागून बाहेर काढून पुढचे टोक कातता येते. मिलमधून निघालेला अवजड लेथ स्वस्तात मिळाला तरी घरच्या शेडला तो झेपत नाही.

कोणत्या बनावटीचे?

बेंगळूरुची एचएमटी (स्थापना १९५३) आणि हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर (स्थापना १९४१) यांचे जुने लेथ दणकट म्हणून ओळखले जातात. मात्र त्यांचे सुटे भाग जुन्या बाजारात शोधावे लागतात. राजकोट आणि बटाला येथील साधे लेथ वजनाने हलके असतात आणि त्यांचे भाग तुलनेने सहज मिळतात. तरीही नावापेक्षा मशीनची झीज महत्त्वाची. तीन पाळ्यांत राबलेल्या नामांकित लेथपेक्षा शाळा-आयटीआयमध्ये जपून वापरलेला साधा लेथ सरस ठरू शकतो.

बेडवरच भर का?

बेअरिंग, नट, मोटार, चक हे सगळे बदलता येते. बेड मात्र काढून मोठ्या कारखान्यात ग्राइंडिंगला न्यावा लागतो. बेड घासला की कॅरेज खाली बसते आणि लीड स्क्रूशी तिचा मेळ पुन्हा जुळवावा लागतो. हा खर्च कधीकधी मशीनच्या किमतीच्या जवळ जातो.

बहुतेक जॉब आखूड असल्याने कॅरेज चकजवळच फिरते आणि बेडही तिथेच झिजतो. ही झीज ओळखायची सोपी रीत आहे. कॅरेज चकजवळ आणून जेमतेम सरकेल इतपत आवळावी आणि मग टेलस्टॉककडे न्यावी. वाटेत ती अडकू लागली तर चकजवळचा भाग झिजला, असे समजावे. बेडच्या कडेवरून नख फिरवले तरी झिजलेल्या आणि न झिजलेल्या भागांमधली पायरी लागते.

आणखी कोणत्या चाचण्या कराव्यात?

* स्पिंडल : डायल गेज लावून स्पिंडल हाताने फिरवावा. चांगल्या नव्या मशीनमध्ये काटा ०.०१ मिलिमीटरच्या आसपास हलतो. मग अर्धा तास वेगात चालवून बेअरिंगजवळ हात लावावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर सावध व्हावे.

* टेपर : चकमध्ये जाडसर बार १०० मिलिमीटर बाहेर ठेवून टेलस्टॉकशिवाय बारीक कट घ्यावा. दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. फरक आला तर लगेच नाकारू नये. लेव्हल चुकल्यानेही तो येतो.

* गिअर : हेडस्टॉक उघडून तुटलेले दात पाहावेत. आटे पाडण्यासाठीचे बदली गिअर पूर्ण आहेत का, हे मोजून घ्यावे. अनेक जुन्या लेथचा लीड स्क्रू इंची असतो. त्यावर मेट्रिक आटे अचूक पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाच पट १२७.

* हँडल : क्रॉस स्लाइडचे हँडल थोडे रिकामे फिरणारच. ते फार फिरत असेल तर नट बदलावा लागेल. ही दुरुस्ती आवाक्यातली आहे, पण किमतीतून वजा करावी.

वीज आणि पायाचे काय?

कारखान्यातील लेथला बहुधा थ्री फेज मोटार असते. घरी सिंगल फेज असेल तर मोटार बदलावी लागते किंवा व्हीएफडी बसवावा लागतो; मोटारीची जोडणी त्याला चालेल का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी पाहून घ्यावे. घरगुती जोडणीवर बाहेरची कामे घेणे वीज कायद्यानुसार अनधिकृत वापर ठरू शकते. त्यामुळे महावितरणकडे योग्य वर्गवारीची जोडणी मागावी.

जिल्ह्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पातळ कोबा करून लेथ ठेवला तर तो हळूहळू पिळला जातो आणि चांगले मशीनही टेपर कातू लागते. माती काढून घट्ट मुरमापर्यंत काँक्रीटचा पाया घ्यावा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर लेव्हल पुन्हा तपासावी.

सौदा करताना काय पाहावे?

चार जबड्यांचा चक, स्टेडी रेस्ट, सेंटर, बदली गिअर यांची यादी करावी. जे नाही त्याची किंमत भावातून कमी करावी. पक्के बिल घ्यावे आणि मशीन बँकेकडे तारण नसल्याचे लेखी घ्यावे. सोबत अनुभवी टर्नर न्यावा. ‘आज लाइट नाही, उद्या चालवून दाखवतो’ असे विक्रेता म्हणाला, तर बयाणाही उद्याच द्यावा.