कार्ट्रिजच्या खोक्यावरचे नाव

वॉर्नर कम्युनिकेशन्सने १९७६ साली अटारी ही कंपनी २.८ कोटी डॉलरला विकत घेतली, तेव्हा अटारी अवघी चार वर्षांची होती. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र बाजारात आणण्यासाठी तिला भांडवल हवे होते आणि वॉर्नरला करमणुकीचे नवे दालन हवे होते. वॉर्नरच्या ध्वनिमुद्रिकांवर गायकाचे नाव ठळक छापलेले असे. अटारीच्या खेळांच्या खोक्यावर मात्र तो खेळ रचणाऱ्याचे नाव कुठेच नसे.

१९७९ मध्ये कोणता खेळ किती खपला याचा एक तक्ता अटारीच्या कचेरीत फिरला. काय विकले जाते ते पाहा आणि तसेच खेळ करा, एवढाच त्यामागचा हेतू. डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, लॅरी कॅप्लन आणि बॉब व्हाइटहेड या चौघा प्रोग्रॅमरांनी तो तक्ता घेऊन आपापल्या खेळांची बेरीज केली. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे वर्षाच्या सुमारे १० कोटी डॉलरच्या विक्रीपैकी ६ कोटी या चौघांच्या खेळांचे निघाले. त्यांचा पगार वर्षाला वीस-तीस हजार डॉलर होता. नाव आणि थोडा वाटा मागायला ते प्रमुख रे कासार यांच्याकडे गेले. कारखान्यात कार्ट्रिज जुळवणारा कामगारही तुमच्याइतकाच महत्त्वाचा आहे, अशा आशयाचे उत्तर घेऊन ते परतले. त्याच वर्षी चौघांनी नोकरी सोडली आणि संगीत व्यवसायातून आलेल्या जिम लेव्ही यांच्यासह अॅक्टिव्हिजन काढली.

यंत्र एकाचे आणि खेळ दुसऱ्याचा, ही आज स्वाभाविक वाटणारी विभागणी तोवर अस्तित्वातच नव्हती. अटारीने दावा लावला. १९८२ मध्ये तो मिटला आणि अॅक्टिव्हिजनने अटारीला स्वामित्वशुल्क द्यावे असे ठरले. ‘स्वतंत्र प्रकाशक’ हा वर्ग तिथून जन्मला. त्याच वर्षी आलेला क्रेन यांचा ‘पिटफॉल’ लाखोंनी खपला. अॅक्टिव्हिजनच्या खेळांबरोबरच्या माहितीपुस्तिकेत रचनाकाराचे छायाचित्र आणि खेळण्याच्या चार युक्त्या असत. गायकांच्या तबकडीवरून उचललेली ही रीत होती.

१९८३ मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला. सुमार कार्ट्रिजांनी दुकाने भरून गेली होती आणि खेळ कवडीमोलाने निघू लागले. अॅक्टिव्हिजन तगली, पण पुढे ‘मीडियाजेनिक’ असे विचित्र नाव घेऊन कर्जात बुडाली. १९९१ च्या सुमारास बॉबी कॉटिक आणि त्यांच्या भागीदारांनी ती ताब्यात घेतली आणि जुने नाव परत आणले. चौघा संस्थापकांपैकी एकही आता तिथे नव्हता. उरले होते ते नाव, आणि विकत घेण्याजोगे तेच होते.

कॉटिक यांच्या काळात कंपनी लहान-मोठे स्टुडिओ खरेदी करत वाढली. २००३ मधल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने तिला दरवर्षी हमखास पिकणारे शेत मिळाले. दुसरीकडे ब्लिझार्ड हा १९९१ मध्ये सुरू झालेला स्टुडिओ हातोहात फिरत होता. १९९४ मध्ये डेव्हिडसन या शैक्षणिक सॉफ्टवेअर कंपनीने तो घेतला. मग मालकी सीयूसी इंटरनॅशनलकडे, तिथून फ्रान्सच्या आव्हासकडे आणि शेवटी विवेंदीकडे गेली. मूळची पाणीपुरवठा करणारी ही फ्रेंच कंपनी अशा रीतीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची मालक झाली. भाडेकरू तोच आणि घरमालक दर दोन वर्षांनी नवा, असा हा प्रकार होता. २००८ मध्ये विवेंदीने आपला खेळविभाग अॅक्टिव्हिजनमध्ये विलीन केला आणि ‘अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड’ उभी राहिली. २०१३ मध्ये ती विवेंदीच्या वर्चस्वातून सुटली. २०१६ मध्ये तिने ‘कँडी क्रश’ची कंपनी किंग ५.९ अब्ज डॉलरला घेतली आणि ट्रेनमध्ये मोबाइलवर गोळ्या फोडणारा प्रवासीही तिचा ग्राहक झाला.

१८ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने ही सारी मोट ६८.७ अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली. समभागामागे ९५ डॉलर रोख, म्हणजे बाजारभावापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. तो भाव आधीच पडलेला होता. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने स्त्री कर्मचाऱ्यांशी भेदभाव आणि छळ केल्याबद्दल कंपनीवर खटला भरला होता आणि वर्षाच्या आरंभी शंभरीपार गेलेला समभाग ६५ च्या आसपास आला होता. गिऱ्हाइकाने सवड साधली असे म्हणायला जागा आहे.

एवढी मोठी खरेदी कशासाठी, याचे उत्तर सोनीच्या एका कागदातून अनवधानाने मिळाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सौदा रोखण्यासाठी लावलेल्या दाव्याची सुनावणी जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चालू होती. सोनीने दिलेल्या कागदांतले गोपनीय आकडे काळ्या मार्करने खोडले होते, पण ते कागद स्कॅन झाल्यावर शाईखालचे आकडे वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ तयार करायला २२ कोटी डॉलर आणि सुमारे २०० माणसे लागली होती. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी डॉलर आणि ३०० माणसे. अनेक वर्षे चालणाऱ्या एकेका खेळावर असा जुगार खेळायचा तर तोटा पचवणारे पोट मोठे हवे. त्याहून सुरक्षित वाट म्हणजे आधीच खपलेली नावे खरेदी करणे.

नियामकांचा वाद दोन मुद्द्यांवर होता. पहिला, ‘कॉल ऑफ ड्यूटी’ सोनीच्या प्लेस्टेशनवर मिळत राहील का. मायक्रोसॉफ्टने निन्टेंडो आणि शेवटी सोनीशीही दहा वर्षांचे करार केले. न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी जुलै २०२३ मध्ये सौद्याला स्थगिती नाकारली. दुसरा मुद्दा ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने लावून धरला. खेळ घरातल्या यंत्रावर न चालवता दूरच्या सर्व्हरवरून इंटरनेटने पडद्यावर आणण्याच्या क्लाउड गेमिंगमध्ये मायक्रोसॉफ्टचा वाटा त्याच्या अंदाजाने ६० ते ७० टक्के होता. एप्रिलमध्ये त्याने सौदा अडवला. तोड अशी निघाली की, युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे क्लाउड हक्क युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला द्यायचे आणि पुढल्या पंधरा वर्षांत येणारे खेळही त्यात धरायचे. युबिसॉफ्ट ही स्वतः काही वर्षांपूर्वी विवेंदीच्या कब्जातून जेमतेम वाचलेली. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्यवहार पूर्ण झाला.

सुनावण्यांमध्ये ग्राहकाला काय मिळेल याचा कीस निघाला. खेळ बनवणाऱ्यांची बाजू तिथे फारशी आलीच नाही. ती वेगळ्या वाटेने पुढे आली. विस्कॉन्सिनमधल्या रेव्हन सॉफ्टवेअर या अॅक्टिव्हिजनच्या स्टुडिओत खेळांतल्या चुका शोधणाऱ्या परीक्षकांनी मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन स्थापन केली. सौद्याला कामगारांचा विरोध नको म्हणून मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये अशा युनियनबाबत तटस्थ राहण्याचा करार केला.

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळविभागातील १,९०० जणांना काढले. मे महिन्यात, २०२१ मध्ये ७.५ अब्ज डॉलरला घेतलेल्या झेनीमॅक्समधले स्टुडिओही बंद केले. त्यांत जपानचा टँगो गेमवर्क्स होता. त्याच्या ‘हाय-फाय रश’चे कौतुक होऊन वर्षच उलटले होते. काही महिन्यांत कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ती मंडळी आणि तो खेळ आपल्याकडे घेतला. सदस्यांना खेळ वापरू देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या गेम पासच्या वरच्या श्रेणीचे मासिक शुल्क सौदा झाला तेव्हा अमेरिकेत १६.९९ डॉलर होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते २९.९९ झाले. त्याआधी दोनच दिवस ईए या दुसऱ्या बड्या प्रकाशकासाठी ५५ अब्ज डॉलरची बोली जाहीर झाली होती. सौदी अरेबियाचा सरकारी निधी, सिल्व्हर लेक आणि अॅफिनिटी पार्टनर्स या गुंतवणूक कंपन्या हे खरेदीदार, आणि त्यातले २० अब्ज कर्जाऊ. अशा सौद्यांत कर्जाचे ओझे सहसा विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर येते.

कॅलिफोर्नियातला टॉइज फॉर बॉब हा स्टुडिओ अॅक्टिव्हिजनने २००५ मध्ये घेतला होता. प्लास्टिकची बाहुली एका चौथऱ्यावर ठेवली की ती पडद्यावर जिवंत व्हावी, असा ‘स्कायलँडर्स’ हा खेळ त्याचाच. २०२४ च्या कपातीत त्याचीही माणसे गेली. २९ फेब्रुवारीला उरलेल्यांनी आपण स्वतंत्र होत असल्याचे जाहीर केले. स्टुडिओचे नाव ते बरोबर घेऊन गेले. ‘स्कायलँडर्स’, ‘क्रॅश बँडिकूट’ आणि ‘स्पायरो’चे हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहिले.