शेवटच्या आजारपणात पैसा कुठे घालायचा?

मी सरावलीहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक.

मागच्या वर्षी आवणीच्या आधी आमच्या एका गटात वीस हजारांच्या अंतर्गत कर्जाची मागणी आली. ताईची सासू आजारी होती. म्हातारी चार वर्षं हळूहळू विसरत चालली होती. आधी चुलीवरचं भांडं, मग घरची वाट, मग पोटच्या मुलाचं नाव. शेवटी अंथरूण धरलं, बोलणं गेलं, घास तोंडातच धरून बसायची. गाडी करून तिला हद्दीपलीकडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. नाकातून नळी घातली. ती ओढते म्हणून हात बांधले. नवव्या दिवशी म्हातारी तिथेच गेली.

कर्ज लगेच द्या, असं सभेत मीच म्हटलं होतं. हप्ता भरताना ताईने एकदा विचारलं, "ताई, त्या नळीने तिला काय मिळालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी डॉक्टरांना विचारलं, वाचलं. तेच आज सांगते.

याला आपण म्हातारचळ म्हणतो, कुणी भगताकडे नेतं. पण हा मेंदूचा आजार आहे, स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. 2023 साली आलेल्या एका अभ्यासात देशातल्या साठीपुढच्या माणसांपैकी 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना, तो असल्याचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. विसरायला होतं एवढ्यावर तो थांबत नाही. शेवटी गिळायचं कसं हेही मेंदू विसरतो. अमेरिकेत बोस्टनजवळच्या 323 रुग्णांवर दीड वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास 2009 साली छापून आला. शंभरातल्या 86 जणांना खाण्याचा त्रास झाला, 41 जणांना न्यूमोनिया, आणि निम्म्याहून जास्त रुग्ण दीड वर्षात गेले. ज्या घरच्यांना हा शेवटचा टप्पा आहे हे कळलं होतं, त्यांच्या माणसाच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत नळ्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या खूप कमी आल्या.

म्हणजे न जेवणं हा आजाराचाच भाग असतो. पण आपल्याकडे भीती वेगळीच, "सुनेने उपाशी मारलं" असं गाव म्हणेल. मला वाटतं, निम्मा पैसा लोकांची तोंडं बंद करायलाच जातो.

या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही. वृद्धांवर उपचार करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांची संघटनाही नळीपेक्षा हाताने भरवा असंच सांगते. माणसाला टेकून बसवायचं, दाट पेज किंवा नाचणीची आंबील छोट्या चमच्याने द्यायची, गिळल्याशिवाय दुसरा घास नाही. ठसका लागला की थांबायचं. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. चार चमचे गेले तर चार. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात.

दवाखान्यात नेऊच नका, असं मी म्हणत नाही. दुखत असेल, धाप लागली असेल, लघवी अडली, पडून हाड मोडलं, जखमेला वास येतोय, तर न्यायचंच. काल चालता-बोलता असलेला माणूस आज अचानक तापात बरळायला लागला तर तेही बरं होऊ शकतं. मात्र सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, याने हिचा त्रास कमी होईल का, की फक्त दिवस लांबतील? घरी ठेवून त्रास कमी करता येईल का?

आता पैसा. सत्तरीपुढच्या कुणालाही आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत उपचार. पण ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. कूस बदलणाऱ्या सुनेची चिकूच्या वाडीवरची मजुरी बुडते, ती कुठल्या कार्डात बसते? अमेरिकेतही 2015 च्या एका अभ्यासात दिसलं की शेवटच्या पाच वर्षांत सरकारचा खर्च कॅन्सर, हृदयविकार आणि डिमेन्शियाला जवळपास सारखाच, पण डिमेन्शियात घरच्यांच्या खिशातून जाणारा पैसा इतरांपेक्षा 81 टक्के जास्त. निकषात बसत असेल तर श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचा अर्ज तहसीलला आधीच करून ठेवा. त्रास कमी करणारी सेवा, जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ती आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या बारा सेवांमध्ये आहे. आशाताईंना सांगून उपकेंद्रात नोंद करायला लावा.

सासू-सासरे अजून शुद्धीत असतील तर त्यांनाच विचारून ठेवा, शेवटी नळी हवी का, कुठे राहायचंय. सुप्रीम कोर्टाने 2018 साली अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली आणि 2023 साली रीत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. प्रत पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही देता येते. विसरणं वाढल्यावर मात्र ही सही चालत नाही.

केरळात 2008 पासून सरकारचं यासाठी धोरण आहे. तिथे शेजारपाजारची माणसंच शिकून घेऊन अशा रुग्णांच्या घरी जातात. आमच्या गटाने यंदा त्यातलं थोडं करून पाहिलं. दुसऱ्या एका घरातून मागणी आली तेव्हा हवेची गादी घ्यायला तीन हजार दिले, आणि मंगळवारी-शुक्रवारी दुपारी दोघी जणी आजीजवळ बसतात. तेवढ्या वेळात सून वाडीवर जाऊन येते. पहिल्या वेळचं कर्ज फेडणारी ताई शुक्रवारच्या पाळीत आहे.