वेदनेच्या वाटेवरील नाका

वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देण्याचा आमचा परिपाठ आहे. या वर्षीचा विषय रुग्णांच्या नातेवाइकांनीच सुचविला, असे म्हणावयास हरकत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांनी मॉर्फीनचे नाव घेतले, की हटकून प्रश्न येतो, "म्हणजे अफूच ना? आईला सवय तर लागणार नाही?" काही कुटुंबे या भीतीने औषध नाकारतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. तरीही आमच्या डॉक्टरांनी जे समजावून दिले, ते येथे मांडीत आहोत.

गांधीबागेतील व्यापाऱ्यांना पूर्वीचा जकात नाका आठवत असेल. वेदनेच्या वाटेवरही असा एक नाका आहे. बोट कापले, की निघालेला संदेश थेट मेंदूत पोहोचत नाही. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या मागील भागात तो प्रथम थांबतो. तेथे येणाऱ्या चेतातंतूने रासायनिक द्रव्य सोडावे आणि पुढील पेशीने ते स्वीकारावे, तेव्हा संदेश वर जातो. याच जागी काही लहान चेतापेशी एन्केफॅलिन नावाचे द्रव्य स्रवतात. त्यामुळे येणारा तंतू आपले द्रव्य कमी सोडतो आणि स्वीकारणारी पेशीही मंद होते. माल देणारा आणि घेणारा, दोघांचाही हात आखडतो. या नाक्यावर मेंदूचाही हुकूम चालतो. कापडाच्या गाठी वाहणाऱ्या हमालाला कामाच्या भरात झालेली जखम पुष्कळदा संध्याकाळी घरी गेल्यावर ठणकू लागते. लक्ष दुसरीकडे असते हे खरेच. पण मेंदूकडून खाली येणाऱ्या या हुकमाचाही त्यात वाटा असतो.

खसखशीच्या बोंडातील चिकासाठी माणसाच्या शरीरात कुलूप कशाला असावे, हे कोडे 1973 मध्ये पुढे आले. त्या वर्षी मेंदूत अफूजन्य औषधे स्वीकारणाऱ्या जागा सापडल्या. 1975 मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे केले. कुलूप शरीराच्या स्वतःच्या किल्लीसाठीच होते. अफूची किल्ली योगायोगाने त्यात बसते. मात्र शरीराचे एन्केफॅलिन क्षणार्धात विघटित होते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेदनेपुढे ते पुरत नाही, म्हणून मॉर्फीन द्यावे लागते.

1979 पासून मॉर्फीन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात देण्याची पद्धत माणसांत वापरात आली. नाक्यावरच औषध पोहोचत असल्याने मात्रा अत्यल्प लागते. सिझेरियननंतर साधारण 0.1 मिलिग्रॅम मॉर्फीनने दिवसाचा बराच भाग आराम मिळतो. अशा एका मात्रेने व्यसन लागत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला ते महिनोन्महिने घ्यावे लागते, तेव्हा शरीर औषधाला सरावते व मात्रा वाढवावी लागू शकते. पण सरावणे म्हणजे व्यसन नव्हे.

येथे आमचीही एक कबुली. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवाने आणि नोंदवह्या इतक्या वाढल्या, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. आम्हीही हिशेबनिसाच्या नजरेने त्याकडे डोकेदुखी म्हणूनच पाहत होतो. 2014 च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. दुहेरी कुलपातील कपाट आणि वहीतील नोंद आजही आहे, व ती असावयासच हवी.

औषधाचे दोषही सांगितले पाहिजेत. खाज सुटते, मळमळते, लघवी अडते. क्वचित काही तासांनंतर श्वास मंदावतो; म्हणून त्यावरील उताराचे नॅलॉक्झोन हाताशी ठेवून परिचारिका रात्रभर ठरावीक वेळाने रुग्णाचे श्वास मोजते. काही देणगीदारांनी विचारले होते, की रात्रपाळीच्या परिचारिकांवरील खर्च का वाढला. मॉर्फीनची कुपी स्वस्त आहे. पैसे लागतात ते या मोजणीला.