गर्भातच व्यसनाची झळ लागलेली बालके आणि आपली मेषपालकीय सेवा

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव २०२३ साली निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. तेथील हनुमानाच्या देवस्थानी मनोव्याधींनी पीडित झालेल्या आप्तांना घेऊन दूरदूरची कुटुंबे येतात. दुःखिताला एकटे न टाकण्याची ही वृत्ती आदरणीय होय. परंतु याच पट्ट्यात एक पीडित असा आहे की, त्याची पीडा पुष्कळदा ओळखलीही जात नाही. आईच्या उदरात असतानाच ज्याला मद्याची किंवा तंबाखूची झळ लागली ते बालक. त्याच्या कुटुंबाला आधार कसा द्यावा, याचा विचार आपणांस येथे करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मोहाची दारू या मुलखात सणासमारंभाचा भाग आहे. खर्रा घरोघरी पोहोचला आहे. मिश्रीला तर स्त्रिया व्यसन न समजता दंतमंजन समजतात. गर्भवतीने घेतलेले मद्य वारेतून बाळाच्या रक्तात उतरते, आणि बाळाचे अपक्व यकृत ते लवकर निकालात काढू शकत नाही. यातून होणाऱ्या विकृतीचे वर्णन फ्रान्समध्ये १९६८ साली व अमेरिकेत १९७३ साली झाले. खुंटलेली वाढ, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण आणि मेंदूला कायमची इजा ही तिची लक्षणे. गरोदरपणी मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक ठरलेले नाही. तंबाखूविषयी मुंबईतील १,२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि अकाली प्रसूतीचे प्रमाणही अधिक आढळले.

शास्ते या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात मानोहाच्या पत्नीला देवदूत गर्भारपणी मद्य वर्ज्य करण्यास सांगतो. ही आज्ञा तो दोषारोप म्हणून देत नाही, येणाऱ्या बालकाच्या काळजीपोटी देतो. तसेच जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला व त्या माणसाला दृष्टी दिली (योहान ९). आपल्या सेवेची दिशा येथे स्पष्ट होते. जिला दूषण मिळते ती माता व्यसन लपविते. लपविले की दवाखान्यात खरे सांगत नाही. आणि त्याची किंमत बाळ मोजते. म्हणून धर्मगुरूने वा धर्मशिक्षकाने प्रवचनात अशा मातेचे उदाहरण देऊ नये, तिने विश्वासाने सांगितलेले कोठेही उच्चारू नये.

आता प्रत्यक्ष कार्य. पहिली गोष्ट, व्यसन सोडण्याचा उपदेश एकट्या स्त्रीला करू नये. पती व सासू यांनी घरातील बाटली आणि खर्रा दूर केला तरच तिचा निश्चय टिकतो. मात्र रोज पुष्कळ मद्य घेणाऱ्या स्त्रीने ते एकाएकी थांबविणे धोक्याचे असते. तिला डॉक्टरांच्या देखरेखीची गरज आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या शासकीय दूरध्वनीवर विनामूल्य साहाय्य मिळते.

दुसरी गोष्ट बाळाची. जन्मतः वजन २,५०० ग्रॅमहून कमी असल्यास आशा कार्यकर्तीस त्वरित कळवावे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बिलगून ठेवणे आणि आईचे दूध हे मोठे उपचार आहेत. तंबाखूची सवय आहे म्हणून आईने अंगावर पाजणे सोडू नये, सवय सोडण्याचा यत्न करावा. मद्य मात्र त्या काळातही टाळावे.

तिसरी गोष्ट दीर्घकाळाची. मद्याने मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, पण ती लवकर ओळखून साहाय्य दिल्यास मुलाचे जीवन पुष्कळ सुधारते. शिकविलेले विसरणारे, एके ठिकाणी न बसणारे मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात आले तर त्याला हट्टी ठरविण्यापूर्वी थांबावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. तेथे कुटुंबासोबत आपण स्वतः जावे.

कोणी जामसांवलीस दर्शनाला जात असेल तर त्याची हेटाळणी करू नये. श्रद्धा आणि औषध यांतून एकाची निवड करण्याची वेळ कोणावर आणू नये. ज्या घराला लाजेने दार लावून घ्यावेसे वाटते, त्या घराचे दार ख्रिस्तसभेने प्रथम ठोठवावे, आणि आत जाऊन आधी बाळाला हाती घ्यावे.