गळकें छप्पर आणि कंत्राटदाराची निवड

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्यावर जुन्या घराची गच्ची दुरुस्त करून घेण्याचा प्रसंग आला नसावा. नाहीं तर म्हणींत आणखी एका पदाची भर खास पडली असती. नवें घर बांधतांना हाताशीं नकाशा असतो, सल्ल्यास स्थापत्यविशारद असतो, आणि होणारें काम दिवसेंदिवस डोळ्यांना दिसत असतें. दुरुस्तीची गोष्ट अगदीं निराळी. रोग छपराच्या पोटांत, लक्षण मात्र दिवाणखान्याच्या भिंतीवर. आणि उपचार लागू पडला कीं नाहीं, हें कळावयाचें तें पुढच्या मृगांत. तोंपर्यंत पैसे देऊन झालेले असतात आणि कंत्राटदार दुसऱ्या गांवीं दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत हा प्रश्न आतां अनेक कुटुंबांपुढें एकाच वेळीं उभा आहे, आणि त्याचें कारण या नगराच्या वाढींतच सांपडतें. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि त्यानंतर भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांच्या रांगा उठल्या. या कारखान्यांतील माणसांना राहावयास जागा हवी, म्हणून १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण अस्तित्वांत आलें. त्यानें निगडी-आकुर्डीच्या बाजूस आखीव पेठा पाडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें भूखंड दिले. तें प्राधिकरण २०२१ सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणांत विलीन झालें. पण त्याच्या भूखंडांवर हौसेनें आणि काटकसरीनें बांधलेले टुमदार बंगले उभेच आहेत. त्यांतील पहिल्या पिढीच्या बंगल्यांच्या गच्च्यांचें वय आतां चाळिशीच्या घरांत किंवा त्यापलीकडे गेलें आहे. ज्यांनीं तीं घरें बांधलीं ते गृहस्थ निवृत्त झाले आहेत. अशा वेळीं दुरुस्तीचा एक चुकीचा निर्णय म्हणजे साठवणींतल्या पैशाला लागलेली गळती. आणि प्रसंगीं त्याहून मोठें संकट, कारण ज्या छताखालीं नातवंडें झोंपतात त्याच्या मजबुतीचा हा प्रश्न आहे.

कंत्राटदार बोलावण्यापूर्वीं घरधन्यानें एक वही घ्यावी आणि एका पावसाळ्याची गळती तींत टिपून ठेवावी. पाऊस सुरू होतांच तासाभरांत थेंब पडूं लागला, तर एखादी उघडी भेग अगर पावसाच्या पाण्याच्या नळाचें तोंड हें त्याचें बहुधा कारण असतें. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीं ओल उमटली आणि आठवडाभर टिकली, तर पाणी गच्चीवरील कोब्यांत मुरून बसलें आहे असें समजावें. भिंतीचा केवळ वरचा भाग ओला होत असेल, तर दोष कठड्याकडे किंवा सज्जाकडे शोधावा. आणि फेब्रुवारी महिन्यांत, आभाळ निरभ्र असतांना ओल वाढत असेल, तर ती पावसाची नव्हेच. ती पाण्याच्या टाकीची किंवा सौर बंबाच्या नळीची. तें काम नळजोडणी करणाऱ्याचें आहे. त्यासाठीं सारी गच्ची उकरणें म्हणजे दांत दुखतो म्हणून पाय कापण्यासारखें होय.

यानंतर छताची परीक्षा. खोलींतून छताला लांकडी दांड्यानें हलकेच ठोकून पाहावें. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर आंतील थर सुटला आहे. सळईच्या रेषेंत भेग गेलेली असणें किंवा तांबूस डाग उमटणें हेंही वाईट चिन्ह. काँक्रीट नवें असतें तेव्हां त्यांतील अल्कधर्मामुळें लोखंडाचें रक्षण होतें. हवेंतील कार्बन वायूमुळें तो गुण वर्षानुवर्षें कमी होत जातो, आणि मग ओल पोहोंचली कीं सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षांही अधिक जागा व्यापतो; त्यामुळें तो आंतून रेटा देतो आणि खालचें काँक्रीट ढलपीप्रमाणें निखळून पडतें. या अवस्थेंत वरून कितीही लेप दिले तरी आधीं झालेली झीज भरून येत नाहीं, आणि खालून लांबी भरून रंग दिला तर धोका नुसता दिसेनासा होतो. येथें संरचना अभियंता हवा, आणि तो कंत्राटदाराचा माणूस नसावा. रोग्यानें औषधविक्याकडूनच निदान करून घेतल्यास बाटली मोठी मिळावयाचीच. तशांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानें ३० वर्षें पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणें बंधनकारक केलेलें आहे. तेव्हां हा खर्च वायफळ समजूं नये.

अभियंत्याचें महत्त्व एका हिशेबावरून ध्यानांत येईल. आपल्याकडील बहुतेक जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. विटांचे तुकडे चुनखडीच्या किंवा सिमेंटच्या मालांत बसवून पाण्याला उतार देतात आणि वर सिमेंटचा गुळगुळीत थर घालतात. पद्धत चांगली आहे. परंतु कोबा पिचला कीं ‘जुना फोडण्याची दगदग कशाला, त्यावरच नवा घालूं’ असा सल्ला वारंवार दिला जातो. मालकाला तो आवडतो, कारण धूळ होत नाहीं आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च वांचतो. आतां हिशेब पाहावा. गच्ची १,००० चौरस फूट आणि नवा कोबा चार इंच जाडीचा धरला, तर त्याचें वजन सुमारें १८ टन होतें. लोकांच्या वावराची गच्ची भारतीय मानकानुसार आंखतांना माणसें व सामान यांचा जो भार धरतात, तो दर चौरस मीटरला सुमारें १५० किलो, म्हणजे या गच्चीवर एकूण १४ टन. अर्थात् माणसांसाठीं राखून ठेवलेली सारी ताकद तो नवा कोबा एकटाच खाऊन टाकतो, आणि तीही गंजलेल्या सळयांच्या स्लॅबवर. म्हणून जुना कोबा काढल्यावांचून नवा घालूं नये. आणि काढतांनाही खालीं टेकू देऊन, छिन्नी-हातोडीनें, बेताबेतानें काढावा. जड यंत्राच्या धक्क्यानें जुना स्लॅब आणखी तडकतो.

दुसरें प्रलोभन लेपाचें. ब्रशानें लावावयाचे लेप योग्य जागीं खरोखर उपयोगी पडतात. पण कोबा ओला असतांना त्यावर लेप चढविला तर आंत कोंडलेली वाफ उन्हाळ्यांत फोड आणते आणि पापुद्रे सुटतात. शिवाय सौर बंबाचे पाय किंवा टाकीचे बोल्ट त्याच लेपांतून आरपार गेलेले असतील, तर सारें व्यर्थ.

निदान हातीं आल्यावरच कंत्राटदारांना बोलवावें, आणि तीन जणांना एकच यादी द्यावी. प्रत्येकानें स्वतःच्या मनाप्रमाणें काम सुचवून दर सांगितला, तर त्या तीन आंकड्यांची तुलना होऊंच शकत नाहीं. चाकणपर्यंत पसरलेल्या या औद्योगिक पट्ट्यांत मोठ्या बांधकामांना तोटा नाहीं. एका बंगल्याची गच्ची हें मोठ्या कंत्राटदाराला किरकोळ काम वाटतें आणि तो तें पोटकंत्राटदाराकडे सोंपवूं शकतो. यास्तव गच्चीवर प्रत्यक्ष कोण उभा राहणार, हा प्रश्न पहिल्याच भेटींत विचारावा. त्यानें चार-पांच वर्षांपूर्वीं केलेल्या दोन गच्च्या दाखवावयास सांगावें, आणि त्या घरच्या मंडळींशीं बोलावें. गेल्या वर्षींचें काम दाखविणें सोपें असतें. चार पावसाळे सोसलेलें काम खोटें बोलत नाहीं.

अंदाजपत्रकांत मोजमापाची भाषा स्पष्ट असावी. ‘ब्रास’ हा शब्द फार फसवा आहे. वाळू-खडीच्या बाबतींत त्याचा अर्थ १०० घनफूट, तर पृष्ठभागाच्या बाबतींत १०० चौरस फूट. कठड्याची आंतील बाजू क्षेत्रफळांत धरली आहे काय, कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोनांतील गोलाई, जिला कारागीर ‘वाटा’ म्हणतात, तिचा दर निराळा आहे काय, जुना कोबा फोडणें, राडारोडा महानगरपालिकेनें नेमलेल्या जागीं पोहोंचविणें, नळाचीं तोंडें नवीं बसविणें, टाकी उचलून पुन्हां ठेवणें, या बाबी कोणाच्या खर्चांत, हें सारें कागदावर यावें. वस्तु व सेवा कर मागितल्यास नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणी नसलेल्या माणसाला तो कर आकारतां येत नाहीं. गच्चीवर पत्र्याचें छप्पर उभारण्याचा विचार असेल, तर ती नुसती दुरुस्ती नव्हे. महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे आधीं विचारणा करावी.

पैसे देण्याची पायरी हाच कराराचा कणा. आगाऊ रक्कम पहिल्या मालापुरती असावी. पुढील हप्ते तारखेवर नव्हे, तर झालेल्या टप्प्यावर द्यावे: कोबा निघाला व स्लॅब तपासला, सळयांची व भेगांची दुरुस्ती झाली, नवा कोबा पडला, पाण्याची परीक्षा उतरली. शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा उलटेपर्यंत हातीं ठेवावा, आणि तसें आरंभींच लिहावें. प्रामाणिक कंत्राटदार यास नाखूष होत नाहीं. उलट कामें वाढल्यास लेखी दर ठरविल्याखेरीज तीं करूं नयेत, हें कलम त्यालाही भांडणापासून वांचवितें.

काम चालू असतांना मालकानें दोन गोष्टींवर नजर ठेवावी. एक, सिमेंट. प्रत्येक ५० किलोच्या पोत्यावर तें केव्हां तयार झालें तो आंकडा छापलेला असतो. तीन महिन्यांहून जुनें पोतें परत पाठवावें. आणि कोबा झाल्यावर त्यावर निदान सात, शक्य तर दहा दिवस पाणी साठवून ठेवावें. हें पाणी रोज कोणी घालावयाचें, तें करारांत नसल्यास कोणीच घालीत नाहीं. दुसरी गोष्ट माणसांच्या जिवाची. कठड्याबाहेर काम करणाऱ्यास परांची आणि दोर हवाच. गांवठाणांतील जुन्या घरांवर किंवा शेडवर सिमेंटचे जुने पत्रे असतील, तर त्यांवर थेट पाय देऊं नये. ते अचानक फुटून मजूर खालीं पडतो. त्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतु असतात, आणि कोरडे कापल्यास ती धूळ फुप्फुसांत जाते. मजुरांचा अपघात विमा आहे कीं नाहीं, हें विचारण्यांत संकोच वाटूं नये. मंगलोरी कौलांच्या घरीं काम निराळें: फुटकीं कौलें बदलण्यापूर्वीं वासे आणि रीपा यांना वाळवी लागली आहे काय, तें पाहावें, कारण कुजलेल्या रीपेवर नवें कौल टिकत नाहीं.

शेवटीं पाण्याची परीक्षा. नळांचीं तोंडें बंद करून गच्चीवर इंचभर पाणी ४८ तास उभें ठेवावें. १,००० चौरस फुटांस सुमारें २,३५० लिटर पाणी लागतें, आणि दहा वर्षांच्या कोणत्याही छापील हमीपत्रापेक्षां तें अधिक खरें सांगतें. हमीपत्र घ्यावेंच, परंतु ती माल बनविणाऱ्याची हमी आहे कीं काम करणाऱ्याची, आणि गळल्यास किती दिवसांत येऊन काय करून द्यावयाचें, हें त्यांत असावें. वचन मोडल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते, आणि मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यास शुल्क पडत नाहीं. तेथें उपयोगी पडतात ते करार, पावत्या आणि ती गळतीची वही.

या सर्वांस वेळ लागतो, म्हणून ऋतूचें भान ठेवावें. पावसाळ्यांत गळती टिपावी, दसऱ्यानंतर अभियंत्यास बोलवावें, आणि थंडीच्या महिन्यांत काम उरकावें. मे महिन्याच्या उन्हांत सिमेंट लवकर सुकून तडकतें, आणि त्याच वेळीं प्रत्येक घरधन्याला कंत्राटदार हवा असतो. मग दर त्याचा आणि घाई मालकाची. जो गृहस्थ नोव्हेंबरांत चौकशीस लागतो, त्याला निवड करावयास अवकाश असतो, नकार देण्याची मोकळीक असते, आणि जूनमधील पहिल्या सरीच्या आधीं गच्ची पाण्यानें भरून पाहण्याइतके दिवस हातीं उरतात.